कच्च्या वह्या कुणी फाडल्या?

न्यायाधीशांनी हुकूम वाचायला जेमतेम दहा मिनिटं घेतली. तीन वर्षं चाललेलं भांडण, आणि दहा मिनिटं! थोरल्या सुनेला वाटलं, अजून काहीतरी वाचायचं राहिलं असेल, आता पान उलटतील, आता 'परंतु' म्हणतील. त्यांनी पान उलटलं नाही. चष्मा काढला, पुसला आणि पुढच्या पक्षकारांना बोलावलं.

मग सगळे गाडीत बसून घरी निघाले. तिचा नवरा, थोरला, गाडी चालवत होता, आणि आयुष्यात कधी नाही ते त्याने दोनदा लाल दिवा तोडला. मागे वकीलबाई मांडीवर हुकमाची प्रत घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी धाकटा दीर. त्याला सगळं घर ओळंबा म्हणतं. सासऱ्यांनी, अप्पांनीच ठेवलेलं नाव, गवंडी भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीला वजन लटकवतात त्यावरून. पोरगा उंच, किडकिडीत आणि बोलायला इतका सरळ की थेट समोरच्याच्या डोक्यात पडेल. आज मात्र तोही खिडकीबाहेर बघत होता.

खाली कंपनीचं ऑफिस, वर राहायच्या खोल्या, असं ते घर. ऑफिसात लांब टेबल, नकाशांच्या गुंडाळ्या, भिंतीला टेकवून ठेवलेले फरशांचे नमुने. अप्पा सकाळपासून तिथेच बसून होते. शहात्तर वर्षांचा माणूस. हातात थापी घेऊन गवंडीकामाला लागला आणि त्याच थापीवर ही कंपनी उभी केली. गाडीचा आवाज आला तसे ते उठून दारात आले.

"काय झालं रे?"

थोरला त्यांच्या बाजूने आत गेला आणि खुर्चीत कोसळला. सून पाणी आणायच्या निमित्ताने आत पळाली. शेवटी ओळंब्यालाच बोलावं लागलं.

"हरलो, अप्पा."

"हरलो म्हणजे? आज तर नुसता वह्यांचा विषय होता. साक्षी व्हायच्यात, जबाब व्हायचेत. सुरुवात व्हायच्या आधी माणूस हरतो कसा?"

"तसाच हरलो."

"थांबा, मी सांगते," वकीलबाई म्हणाल्या. त्यांनी चपला काढल्या, खुर्ची ओढली आणि लहान मुलाला गणित समजवावं तशा सांगू लागल्या. वाचनालयाच्या इमारतीचा पहिल्या मजल्याचा स्लॅब तडकला, नशीब की कुणाला इजा झाली नाही. आपण म्हणतो, वाचनालयाने पुस्तकांची लोखंडी कपाटं घाईघाईने वर चढवली. ते म्हणतात, आपण स्लॅबखालचे टेकू मुदतीच्या आधी काढले, आणि म्हणून आपले पैसे अडवले; त्यासाठी हा आपला दावा. टेकू कोणत्या दिवशी काढले ते मुकादम साइटवर रोज लिहायचा त्या कच्च्या वह्यांत होतं. मुकादम गेल्या वर्षी वारला. राहिल्या वह्या. त्या जपून ठेवा, असा कोर्टाचा हुकूम होता. "आणि त्या आमच्याकडे सुरक्षित आहेत, अशी लेखी हमी आपण दिली होती. दोन महिन्यांनी कोर्टाने मागितल्या, तर पेटी रिकामी."

"ते ठाऊक आहे हो बाई," अप्पा हळूच म्हणाले. "पुढचं सांगा."

"पुढचं असं, की पुरावा ज्याच्या हातात होता त्यानेच तो नाहीसा केला, तेव्हा तो त्याच्या विरुद्धच होता असं कोर्ट धरून चालणार. म्हणजे टेकू आपण लवकर काढले हे आता वाचनालयाला सिद्ध करायचीही गरज नाही. आपला दावा काढून टाकला. वर दंड. आणि..." त्यांनी थोरल्याकडे पाहिलं. "हमीवर सही यांची आहे. वह्या कुणी, कधी, कुठे आणि कशा नष्ट केल्या, याचं प्रतिज्ञापत्र दहा दिवसांत द्यायचं. नाही दिलं, किंवा मुद्दाम केलं असं दिसलं, तर यांना तीन महिने तुरुंग."

बांधकामवाल्यांच्या पायाखालची वाळू सरकते म्हणजे काय, ते त्या दुपारी त्या ऑफिसात कळलं. तुरुंग! या घरात आजवर पोलीस आला होता तो फक्त एकदा, हरवलेला कुत्रा परत द्यायला. सून तेवढ्यात आतून पाण्याच्या पेल्यांची ताटली घेऊन आली होती. तिने ती तशीच टेबलावर टेकवली.

अप्पा खाली बसले.

"माझ्यामुळे," ते म्हणाले. "माझ्या पोराला माझ्यामुळे तुरुंग."

अप्पांच्या मनात दुसरं काही नव्हतंच. वह्या फाडायची पद्धत त्यांची होती, सगळ्या घराला, सगळ्या कामगारांना माहीत असलेली. मुकादमाने साइटवर लिहिलेली कच्ची वही काम संपलं की घरी यायची. थोरली सून ती सुंदर अक्षरात पक्क्या वहीत उतरवायची. आणि मग अप्पा कच्ची वही फाडून, पानं बादलीत भिजवून, पुढच्या कामाच्या सेंटरिंगच्या, काँक्रीट ज्यात ओततात त्या साच्याच्या, फळ्यांमधल्या फटीत भरायचे, म्हणजे ओतताना सिमेंटचं पाणी गळत नाही. चाळीस वर्षांची सवय. तिच्या मुळाशी काय होतं ते त्यांनी फक्त बायकोला सांगितलं होतं, आणि ती आता नव्हती. अप्पा स्वतः मुकादम असताना एका तरुण इंजिनिअरने त्यांची वही वीस माणसांसमोर मोठमोठ्याने वाचून दाखवली होती, एकेका चुकलेल्या अक्षरावर थांबून, हसून. माणसं हसली होती. त्या दिवसापासून अप्पांनी ठरवलं, आपल्या कंपनीची कच्ची वही कुणाच्या दृष्टीस पडायची नाही.

तेव्हा पेटी रिकामी सापडली त्या दिवशी सगळ्यांची मान अप्पांकडे वळली, यात नवल ते काय! नवल एकाच गोष्टीचं होतं. अप्पांना त्यातलं काही म्हणता काही आठवत नव्हतं. मग डॉक्टर झाले, झोपाळू करणाऱ्या गोळ्या झाल्या, गोदामाच्या किल्ल्या काढून घेतल्या, कोपऱ्यावर केस कापायला जायचं तरी कुणीतरी सोबत जाऊ लागलं. आठ महिने अप्पा रोज रात्री अंथरुणावर पडून मनातल्या मनात बांधलेल्या इमारती मोजायचे. अजून सगळ्या आठवतात ना, ते बघायला.

"एक वाट आहे," वकीलबाई म्हणाल्या. "चांगली नाही, पण आहे. वय झालेल्या माणसाने जन्मभराच्या सवयीने, कोर्टाचा हुकूम लक्षात न राहून हे केलं, असं स्वच्छ सांगितलं, तर कोर्ट त्यांना समज देऊन सोडेल. मुद्दाम केलेलं नाही म्हटल्यावर दावाही परत मिळायची आशा आहे. सोबत डॉक्टरांचा दाखला लागेल."

"दाखला आहे!" थोरला पटकन म्हणाला. "स्मरणशक्तीचा. फाइलमध्येच आहे."

"बराच तयारीत आहेस, दादा," ओळंबा म्हणाला.

"तयारीत नको राहू? आत मला जायचंय, तुला नाही."

"म्हणून अप्पांना उभं करणार? कोर्टात? दोन्हीकडचे वकील, कारकून, वाचनालयाचे लोक, सगळ्यांसमोर म्हणायला लावणार की माझं डोकं चालत नाही?"

"पाच मिनिटांचा प्रश्न आहे रे!"

"तुझ्यासाठी पाच मिनिटांचा."

"मग तू सुचव ना! एरवी तुझं तोंड थांबत नाही. सुचव! भाऊ तुरुंगात गेलेला चालेल, हेच ना तुझं?"

ओळंब्याच्या तोंडाशी बरंच आलं होतं, पण ते त्याने गिळलं. कारण पेटी रिकामी सापडली त्या दिवशी अप्पांवर सगळ्यात जास्त ओरडला होता तो तोच. 'तुमच्या खोडीपायी घर बुडालं' असं तो बापाला म्हणाला होता आणि महिनाभर त्यांच्याशी बोलला नव्हता. आता कुठल्या तोंडाने त्यांची बाजू घ्यायची?

"वहिनी, तुम्ही तरी बोला," तो म्हणाला.

या घरात सुनेचा शब्द मोठा होता. दोघं भाऊ भांडले की ती ज्याच्या ताटात आधी वाढेल तो जिंकला, असं अप्पा चेष्टेने म्हणायचे. पण आज ती फरशीच्या नमुन्यांकडे बघत राहिली. तिला त्या वहीतलं एक पान आठवत होतं. काम अर्ध्यावर थांबल्याने ती वही हमी दिल्यानंतरच पक्क्या वहीत उतरवायला घेतली होती, आणि त्या पानावर ती थांबली होती. नवरा म्हणाला होता, 'मुकादमाची तारीख चुकली आहे, नवव्या नाही, बाविसाव्या दिवशी काढले टेकू, तसं लिही.' तिने तसं लिहिलं होतं. तिला आणखीही एक गोष्ट आठवत होती. ती आठवायची नाही, असं तिने आठ महिने ठरवलं होतं.

"भांडू नका," अप्पा म्हणाले. "लिहा हो बाई. मी केलं ते मीच निस्तरायला हवं. समज देतील तर देतील. या वयात कान धरला तर काय तुटतोय?"

वकीलबाईंनी कागद पुढे घेतला. "मग मला एकेक गोष्ट नीट सांगा. मोघम चालायचं नाही. समोरचा वकील एकेका शब्दावर तुम्हाला धरेल. हमी दिल्यानंतर आणि वह्या मागायच्या आधी, या दोन महिन्यांत तुम्ही त्या फाडल्या. बरोबर?"

"असणार."

"असणार नको. हो की नाही?"

"हो," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज इतका लहान झाला होता की ओळंब्याला तिथून उठून जावंसं वाटलं.

"पानं कुठे भिजवली?"

"नेहमी बादलीत भिजवतो. गोदामाच्या नळाखाली."

"आणि भरली कुठल्या कामावर?"

अप्पांनी डोळे मिटले. ते खरोखर शोधत होते. माणूस अंधाऱ्या खोलीत हात पुढे करून चालतो तसे ते स्वतःच्या डोक्यात चाचपडत होते, आणि हाताला काही लागत नव्हतं.

"नाही आठवत," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "बाई, खोटं कशाला सांगू? नाही आठवत."

"टाकीच्या," थोरला म्हणाला. "त्या दोन महिन्यांत आपलं एकच काम चालू होतं, पाण्याच्या टाकीचं. अप्पा, तुम्ही सकाळी बादली घेऊन गेला होतात. मी स्वतः पाहिलं. तेव्हा मला वाटलं, जुने पेपर असतील."

वकीलबाईंनी लिहिलं आणि वाचून दाखवलं. "पाण्याच्या टाकीच्या भिंतीचं सेंटरिंग चालू असताना, त्याच्या फटींमध्ये मी सदर वह्यांची भिजवलेली पानं भरली."

"परत वाचा," अप्पा म्हणाले.

त्यांनी परत वाचलं.

"टाकीच्या भिंतीत?"

"हो ना, अप्पा," थोरला म्हणाला. "सही करा, म्हणजे बाईंना मोकळं करू."

"ओळंब्या," अप्पा म्हणाले, आणि त्यांचा आवाज बदलला. साइटवर वरच्या मजल्यावरून हाक मारायचे तो आवाज. आठ महिन्यांत तो कुणी ऐकला नव्हता. "टाकीच्या सेंटरिंगच्या फटीत कागद भरतात?"

"छे!" ओळंब्याच्या तोंडून आपोआप निघून गेलं. "कागद काँक्रीटमध्ये राहतो, कुजतो आणि तिथून टाकी झिरपते. टाकीला रबराची पट्टीच लागते."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"तुम्ही. मी नववीत होतो. कागदाचा बोळा घेऊन टाकीवर चढलो होतो, तर सगळ्यांसमोर एक थोबाडीत ठेवून दिलीत आणि मग सांगितलंत."

"मग मी कसा भरेन?"

वकीलबाईंचं पेन कागदावर तसंच उभं राहिलं.

"मी माझं नाव विसरेन," अप्पा म्हणाले. "तुमची नावं विसरेन. जेवलो की नाही ते विसरेन. पण टाकीला कागद? अरे, माझे हात असं करणारच नाहीत!"

"अप्पा, आजारच तो," थोरला भराभर बोलू लागला. "आजारात माणूस नको ते करतो. डॉक्टर म्हणाले नव्हते? जे आयुष्यात केलं नाही ते करतो. तुम्ही आता मनाला लावून घेऊ नका, गोळी घेतलीत का दुपारची?"

आणि अप्पा डगमगले! म्हातारा क्षणभर ताठ झाला होता, तो पुन्हा खुर्चीत विरघळायला लागला. "तसंही असेल," असं काहीतरी ते पुटपुटले आणि पेनासाठी त्यांनी हात पुढे केला.

"नाही, अप्पा," सून म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"तुम्ही नाही फाडल्या. तुम्ही हातही लावला नाहीत."

"तू गप्प बस," थोरला म्हणाला.

"आठ महिने गप्पच बसले आहे, अहो! आणखी किती बसू?" तिचा आवाज चिरकला. "आपल्या बाथरूममधली बादली मी धुतली होती. तळाशी लगदा होता, निळ्या शाईचा. तुमच्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. मी विचारलं, तर म्हणालात, नळ गळतोय. मी नळ बघितला. नळ चांगला होता."

ओळंबा आ वासून बघत राहिला. त्याला आधी ते शब्द कळले आणि मग बऱ्याच वेळाने त्यांचा अर्थ कळला. "दादा?" तो म्हणाला. "दादा, वहिनी काय म्हणताहेत?"

थोरल्याने नाकारायला तोंड उघडलं. पण खोटं बोलायलाही अंगात बळ लागतं, आणि त्याचं सगळं बळ आठ महिन्यांत संपून गेलं होतं. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"मी हमी दिली तेव्हा वाचल्याच नव्हत्या वह्या," तो हातांच्या आडून म्हणाला. "देवाशपथ. मुकादम तसलं काही लिहील असं वाटलंच नव्हतं. मग वाचायला बसलो. त्याने लिहिलं होतं, 'आज नववा दिवस. थोरल्या साहेबांनी टेकू काढायला लावले. मी नको म्हणालो.' असं लिहून खाली रेघ मारली होती. दोनदा."

"नववा?" अप्पांना ते खरंच वाटेना. "एकवीस दिवसांचा स्लॅब आणि नवव्या दिवशी? का रे?"

"दुसऱ्या साइटवर हवे होते टेकू."

"म्हणजे तडा आपल्यामुळे गेला. आणि आपण त्या वाचनालयवाल्यांना कोर्टात खेचलं?"

थोरल्याने मान हलवली.

"ते जाऊ दे!" ओळंबा ओरडला. "ते सगळं खड्ड्यात जाऊ दे! अप्पांचं काय? तू यांना वेडं ठरवलंस, दादा! डॉक्टरकडे नेलंस! गोळ्या चारल्यास!"

"मी नाही ठरवलं!" थोरला उठून उभा राहिला. "पेटी रिकामी सापडली तेव्हा मी एक शब्द बोललो होतो का? आठव ना! अप्पाच म्हणाले, 'मी तर नाही ना रे फाडल्या?' मी फक्त... मी फक्त नाही म्हणालो नाही. मग तू ओरडलास. मग सगळेच म्हणायला लागले. डॉक्टर म्हणाले, या वयात होतं. मला वाटायचं, उद्या सांगू. रोज वाटायचं. मग मागे फिरताच आलं नाही."

वकीलबाईंनी पेनाला टोपण लावलं आणि लिहिलेला कागद मधोमध फाडला. "हे ऐकल्यावर अप्पांच्या नावाने मी एक ओळही कोर्टात देणार नाही," त्या म्हणाल्या. "माझी सनद जाईल, आणि जायलाच हवी. दुसरा वकील करायचा असेल तर आत्ताच सांगा."

अप्पांना यातलं काही ऐकू गेलं की नाही कोण जाणे. ते सुनेकडे बघत होते.

"सूनबाई, म्हणजे मी ठीक आहे?"

"हो, अप्पा."

"माझं डोकं ठीक आहे?"

"ठीक आहे हो, अप्पा. पहिल्यापासून ठीक आहे. मला ठाऊक होतं आणि मी..." तिने खाली बसून त्यांचे गुडघे धरले.

म्हातारा हसायला लागला. मनापासून, खांदे हलवत, लहान पोरासारखा. हसता हसता त्याने सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. आठ महिने उरावर बसलेलं भूत उतरलं होतं, मग तो हसेल नाही तर काय करेल! ओळंब्यालाही त्या हसण्याने रडू फुटलं. तो बापाच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला आणि 'मला माफ करा' एवढंच तीनचारदा म्हणाला. अप्पांनी मागे हात नेऊन त्याच्या मनगटावर थोपटलं.

मग त्यांची नजर थोरल्यावर गेली आणि हसू थांबलं.

त्या नजरेकडे थोरल्याला बघवेना. लहानपणी बापाने मारलं होतं, शिव्या दिल्या होत्या, एकदा तर दोन दिवस बोलले नव्हते. पण असं कधी पाहिलं नव्हतं. हा कोण माणूस आपल्या घरात आला, असं बघत होते ते.

"न्यायाधीशांना म्हणे वाटतं की आपण पुरावा नाहीसा केला," अप्पा म्हणाले. "बिचाऱ्यांना निम्मंच कळलंय. तू वह्या फाडल्यास ते मी समजू शकतो. घाबरला असशील. पण मी रोज रात्री तळमळत होतो रे. मला वाटायचं, उद्या उठेन आणि तुमच्या आईचा चेहरा आठवणार नाही. तुला पलीकडच्या खोलीत झोप लागायची?"

"नाही, अप्पा."

"बरं झालं."

सून उठली. तिने वकीलबाईंच्या समोरून कोरा कागद घेतला आणि नवऱ्यापुढे ठेवला. "तुमच्या हाताने लिहा," ती म्हणाली. "आणि खाली पक्क्या वहीतल्या त्या तारखेबद्दल मी लिहीन. तारीख मी बदलली आहे, माझं अक्षर आहे. मलाही जे व्हायचं ते होऊ दे."

"तुलाही आत टाकतील!"

"टाकू देत."

थोरल्याने पेन हातात धरलं आणि पुन्हा खाली ठेवलं. शेवटची आशा असावी तसा तो बापाकडे वळला. सवयच ती. पन्नाशी आली तरी काही बिघडलं की तो अप्पांकडेच यायचा, आणि अप्पा काहीतरी तोड काढायचे.

"अप्पा, हे लिहिलं तर ते मुद्दामच केलं असं ठरेल. तीन महिने, अप्पा. मी काय करू?"

"लिही."

"आणि मग?"

"मग जा," अप्पा म्हणाले.

थोरल्याचा चेहरा पांढरा पडला. सुनेने तोंडाला पदर लावला. ओळंबाही मागून "अप्पा" असं काहीतरी म्हणाला, कारण कितीही झालं तरी दादा होता तो. अप्पा काठी न घेता उठले, टेबलाला वळसा घालून थोरल्याजवळ आले आणि त्याच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. हात जड होता, गवंड्याचा.

"दर आठवड्याला भेटायला येईन मी," ते म्हणाले. "कुणी सोबत यायचं नाही. एकटा येईन. मला रस्ता सापडतो."